आठ पायांची मुंगी: मिर्मराक्ने ओळखताना काय पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. परसातल्या कढीपत्त्यावर मुंगळ्यासारखा एक काळा जीव फिरत होता. फांदी हलवल्यावर तो जमिनीवर पडला नाही, धाग्याला लोंबकळला आणि थोड्या वेळाने त्याच धाग्याने वर चढला. म्हणजे कोळी. कुणीतरी सांगितलं की हा मिर्मराक्ने, म्हणजे मुंगीचं सोंग घेणाऱ्या कोळ्यांपैकी एक. सोबत तीन फोटो आहेत: एक वरून, एक बाजूने आणि एक समोरून, तोही हललेला. हा खरंच मिर्मराक्ने का, आणि तसं म्हणायचं तर शरीराच्या कोणत्या खुणांवरून?

हो, मिर्मराक्नेच आहे, आणि मादी आहे. माझा निर्णय झाला तो तिसऱ्या, हललेल्या फोटोवरून. वरून काढलेला फोटो सगळ्यात स्वच्छ आहे, पण कोळ्याला मुंगीचं सोंग जिथे सगळ्यात चांगलं जमतं ती बाजू नेमकी वरची. आपण उभ्याने खाली बघतो, पक्षीही वरून बघतात. त्यामुळे या कोळ्यांची सगळी नक्कल वरून बघणाऱ्याला फसवेल अशीच घडलेली आहे. ओळख पटवायची तर त्याच्या पातळीवर उतरून तोंड बघायला हवं.

शब्दांचा एक खुलासा आधीच करते. प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, या अर्थाने मी हे शब्द वापरते आहे. मिर्मराक्ने ही प्रजाती आहे. ग्रीक भाषेत मिर्मेक्स म्हणजे मुंगी आणि अराक्ने म्हणजे कोळी, त्यावरून मॅकले यांनी १८३९ मध्ये हे नाव दिलं. जगभरात तिच्या दीडशेहून जास्त जाती आहेत. आपल्याकडच्या काही जातींची नावं ऐकून आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं: सातारेन्सिस (१९१५, नारायण), पूनाएन्सिस आणि मराठा (दोन्ही १९७३, टिकादर). बी. के. टिकादर यांनी पुण्यात बसून भारतातल्या कोळ्यांवर जे काम केलं, त्याच्या आधाराने आजही आमच्यासारखे लोक चाचपडत का होईना, पुढे जातात.

आता मुळापासून घेऊ. समोरचा जीव मुंगी नाही, हे आधी नक्की करायचं. तुम्हाला धागा दिसला, हा मोठा पुरावा, कारण मुंगी कधी स्वतःच्या धाग्याला लोंबकळत नाही. धागा दिसला नसता तर शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, बघायच्या. मुंगीच्या शृंगिकेला कोपर असतं: आधी एक लांब सरळ दांडा, मग ठळक वळण आणि पुढे बारीक मण्यांची माळ असावी तसा भाग. कोळ्याला शृंगिका नसतातच. तो पुढचे दोन पाय उचलून धरतो, पण पाय तो पायच. त्याला असं एकच ठळक कोपर नसतं, आणि जवळून बघितलं तर तो डोक्यातून नव्हे तर छातीच्या बाजूने निघालेला दिसतो. पाय मोजा असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण पळणाऱ्या पाच-सहा मिलिमीटरच्या जीवाचे पाय मोजायला जाऊ नका, फोटोत मोजा.

इथे आणखी एक घोटाळा होतो, तो भाजीच्या वेलांवर. वाल, चवळी, तूर यांच्यावर रिप्टॉर्टस नावाच्या ढेकणाची पिल्लं असतात, ती काळ्या मुंगीची इतकी हुबेहूब नक्कल करतात की मला दर पावसाळ्यानंतर त्यांचे फोटो ‘अँट मिमिक स्पायडर’ म्हणून येतात. त्यांना पाय सहा, शृंगिका लांब पण कोपर नसलेल्या, आणि तोंडाखाली सुईसारखी सोंड दुमडलेली. काही प्रार्थनाकीटकांची अगदी लहान पिल्लंही मुंगीसारखी दिसतात. धागा आणि आठ पाय दिसले की हे दोन्ही बाद.

कोळी ठरल्यावर पुढचा प्रश्न कुलाचा, म्हणजे अनेक प्रजातींच्या मोठ्या गटाचा. इथे बहुतेक जण घसरतात, कारण मुंगीचं रूप घेणं हा एकाच कुलाचा मक्ता नाही. ते निरनिराळ्या कुलांत स्वतंत्रपणे अनेकदा उत्क्रांत झालेलं आहे. मिर्मराक्ने हा सॅल्टिसिडी कुलातला, म्हणजे उड्या मारणाऱ्या कोळ्यांपैकी. भिंतीवर माश्यांवर झेप घेणारा, आपण जवळ गेलो की वळून आपल्याकडे बघणारा जो केसाळ बुटका कोळी सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्याचाच हा भाऊबंद. या कुलाची खूण म्हणजे डोळे. आठ डोळे तीन ओळींत: समोर चार, त्यातले मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे, त्यामागे दोन अगदी बारीक, आणि त्यांच्याही मागे डोक्याच्या कडेला दोन मध्यम. तुमच्या हललेल्या फोटोत बाकी काही नीट दिसत नाही, पण मधे दोन मोठे गोल चमकलेले आहेत. तेवढं पुरेसं आहे. मुंगीचे डोळे डोक्याच्या कडेला असतात, समोरून असे कधीच चमकत नाहीत.

याच ठिकाणी मी स्वतः चुकले होते. कोळ्यांकडे बघायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा एका सड्यावर, वाळलेल्या गवतात, मुंग्यांच्या रांगेशेजारून एक काळा चकचकीत कोळी सुसाट पळताना दिसला. कमर बारीक, पाठ तुकतुकीत, पुढचे पाय थरथरणारे. वरून चार फोटो काढले आणि घरी येऊन नावापुढे मिर्मराक्ने लिहून टाकलं. ते नाव माझ्या नोंदवहीत वर्षभर तसंच राहिलं. पुढच्या वर्षी त्याच सड्यावर तसाच एक मिळाला, तेव्हा पोटावर पडून समोरून फोटो काढला. मोठे डोळे नव्हतेच. आठ बारीक, साधारण सारखे डोळे दोन ओळींत मांडलेले होते. तो कोरिनिडी कुलातला कास्टियानेइरा होता. तेव्हापासून तोंड दिसल्याशिवाय मी प्रजातीचं नाव लिहीत नाही. कास्टियानेइरा बहुधा जमिनीवर, पाचोळ्यात पळतो. त्याचा शिरोवक्ष, म्हणजे डोकं आणि छाती मिळून झालेला पुढचा भाग, लांबट अंडाकृती असतो आणि त्यावर ती पायरी नसते जी मिर्मराक्नेला असते. पायरीकडे येतेच.

आणखी एक सोंगाड्या कोकणात हमखास भेटतो. आंब्याच्या किंवा काजूच्या झाडावर जिथे ओंबील, म्हणजे पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल विणकर मुंग्या असतात, तिथे नारिंगी रंगाचा अमिसिया फोर्टिसेप्स असतो. हा खेकडा कोळ्यांच्या कुलातला, थॉमिसिडी. त्याच्या पोटाच्या मागच्या टोकाला दोन काळे ठिपके असतात आणि ते मुंगीच्या डोळ्यांसारखे दिसतात. म्हणजे त्याची शेपटीकडची बाजू हे मुंगीचं डोकं. तो ओंबीलांची शिकार करतो. मिर्मराक्नेचं तसं नाही. तो मुंग्यांच्या आसपास राहतो, पण त्यांच्या वाटेत सहसा येत नाही. मुंगी समोर आली की बाजूला होतो किंवा धाग्याने खाली उतरतो. मुंग्या चावतात, आम्ल उडवतात, काही डंख मारतात, म्हणून पुष्कळ पक्षी आणि इतर शिकारी त्यांच्या वाटेला जात नाहीत. त्या भीतीच्या आडोशाला हा कोळी राहतो.

आता पायरी. तुमचा बाजूने काढलेला फोटो उघडा. डोळ्यांचा भाग वर उचललेला आहे आणि माथ्यावर जवळजवळ सपाट आहे. शेवटच्या डोळ्यांच्या मागे तो एकदम खाली उतरतो, तिथे खाच आहे, आणि खाचेपलीकडे छातीचा भाग पुन्हा हलका फुगतो. मिर्मराक्नेची सगळ्यात भरवशाची खूण कोणती असं मला विचारलं तर मी हीच सांगेन. कोळ्याचं शरीर दोनच भागांचं, मुंगीचं तीन भागांचं दिसतं. जे दोन भागांतून तीन दाखवायचे, ते काम ही खाच करते. आणि ती पुरेशी पडत नाही म्हणून असेल, पुष्कळ जातींत खाचेच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचा एकेक त्रिकोणी ठिपका असतो. लांबून बघताना तो पांढरा भाग मागच्या उजेडात विरून जातो आणि तिथे शरीर कापल्यासारखं, मान असल्यासारखं दिसतं. तुमच्या फोटोत डाव्या बाजूचा ठिपका आहे. मोठा करून बघा, तो रंग नाही, केस आहेत, एकेक मोजता येईल असे.

दुसरी खूण देठाची. शिरोवक्ष आणि उदर यांना जोडणारा देठ सगळ्या कोळ्यांना असतो, पण भिंतीवरच्या साध्या उड्या मारणाऱ्या कोळ्यात तो वरून दिसत नाही, पोट छातीला चिकटून असतं. मिर्मराक्नेत तो लांबलेला आणि वरून स्पष्ट दिसणारा असतो. त्यामागे उदरही बऱ्याच जातींत पुढच्या भागात आवळलेलं असतं, आवळलेल्या जागी फिकट पट्टा असतो. पूर्ण वाढ झालेल्या नराच्या पोटावर कडक चकचकीत ढाल असते. इथे एक सावधगिरी: अंडी भरलेल्या मादीचं पोट इतकं फुगतं की आवळलेला भाग नाहीसा होतो. म्हणून पोटाचा आकार फक्त आधाराला घ्यावा, त्यावर निकाल देऊ नये.

मादीची मादी म्हणून ओळख पटते ती पाल्पवरून. पाल्प म्हणजे तोंडाजवळचे दोन छोटे पायासारखे अवयव. साध्या कोळ्यांच्या मादीत ते बारीक पायासारखेच दिसतात. मिर्मराक्नेच्या मादीत त्यांची शेवटची दोन पेरं चपटी आणि रुंद होतात, वल्ह्यासारखी, कडेला केसांची झालर. ती तोंडासमोर जवळ धरून ती चालते, तेव्हा ते मुंगीच्या जबड्यांसारखे दिसतात. तुमच्या पहिल्या फोटोत तोंडापुढे जे दोन काळे तुकडे दिसतात आणि तुम्ही ज्यांना जबडे म्हणालात, ते हेच पाल्प.

नर सापडला असता तर हा सगळा खटाटोप कमी झाला असता. नराचे जबडे एकदा बघितले की विसरता येत नाहीत. ते समोर आडवे, जमिनीला समांतर निघतात, आणि काही जातींत जवळजवळ शिरोवक्षाएवढे लांब असतात. एका सकाळी आंब्याच्या पानावर मी असा नर पाऊण तास बघत होते. दुसरा नर देठाकडून चढून वर आला. दोघे थांबले, पुढचे पाय बाजूला पसरले, आणि मग ते जबडे कात्रीसारखे फाकले. तोवर मला वाटत होतं की जबडा म्हणजे एक सलग दांडा. फाकल्यावर दिसलं की प्रत्येक जबड्याच्या खालून, त्याच्या लांबीएवढाच लांब आणि बारीक दात घडीच्या चाकूच्या पात्यासारखा उलगडतो. आतल्या कडेला दातेरी करवत आहे. दोघांनी फाकलेले जबडे एकमेकांत अडकवून रेटारेटी केली, आणि अर्ध्या मिनिटात लहान होता तो पानाच्या कडेवरून खाली उतरला, धाग्यावरून. कुणालाही जखम झालेली दिसली नाही.

या लांब जबड्यांची किंमत नराला मोजावी लागते. या गटातल्या काही जातींत नरांच्या लांबलेल्या दातांत विष वाहून नेणारी नळीच उरलेली नाही, त्यामुळे तो भक्ष्याला विषाने गार न करता दातांवर टोचून धरतो. शिवाय लांब जबड्यांचा नर साध्या मुंगीसारखा दिसत नाही. न्यूझीलंडच्या झिमेना नेल्सन आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी २००६ मध्ये दाखवलं की तो दिसतो तोंडात काहीतरी धरून नेणाऱ्या मुंगीसारखा. जे शिकारी मुंग्यांना टाळतात त्यांच्यापासून तो वाचतो, पण ज्या कोळ्यांना तोंडात ओझं असलेली, म्हणून चावू न शकणारी मुंगी आवडते, त्यांच्या नजरेत तोच भरतो. जबडे लांबतात ते शेवटच्या कातीनंतर. तोपर्यंत नर मादीसारखाच दिसतो, त्यामुळे ‘मादी’ म्हणून नोंदवलेल्या काही जणी नंतर नर निघतात. तुमच्याकडच्या फोटोत पाल्पची टोकं चपटी आहेत, फुगीर गोळ्यासारखी नाहीत, म्हणून मी मादी म्हणते आहे.

रंगावर मात्र विसंबू नका. मला येणाऱ्या दहा पत्रांतल्या निम्म्या पत्रांत पहिलं वाक्य रंगाचं असतं. याच एका गटात मुंगळ्यासारखे काळे कोळी आहेत. काळं डोकं, लालसर छाती आणि काळं पोट असे, डंख मारणाऱ्या टेट्रापोनेरा रुफोनायग्रा मुंगीसारखे आहेत. ओंबीलीसारखे लालही आहेत. इतकंच नाही, एकच कोळी लहानपणी एका छोट्या मुंगीसारखा आणि मोठेपणी वेगळ्या, मोठ्या मुंगीसारखा दिसू शकतो. एका कढीपत्त्यावर तीन रंगांचे तीन आकाराचे मिळाले तर त्या तीन जाती असतीलच असं नाही. रंगाचा उपयोग इतकाच की शेजारी कोणती मुंगी आहे ते बघायला तो सुचवतो, आणि मुंगीचीही नोंद ठेवावी, ती कामाला येते.

चालीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण फोटो काढताना तिचा उपयोग होतो. हा कोळी पुढचे दोन पाय सतत शृंगिकांसारखे हलवत सहा पायांवर चालतो, असं मीही वर्षानुवर्षं सांगत आले. २०१७ मध्ये मिर्मराक्ने फॉर्मिकेरिया या जातीचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण प्रसिद्ध झालं, त्यात दिसलं की चालताना तो आठही पाय टेकतो. मधे मधे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढा थांबतो आणि फक्त तेव्हा पुढचे पाय उचलतो. आपल्या डोळ्याला ते थांबणं कळत नाही. चालतोही वळणं घेत, वासाच्या मागावर असलेल्या मुंगीसारखा. म्हणून मोबाईलवर एकच फोटो टिपायच्या भरीस न पडता सलग फोटो काढा, बटण दाबून ठेवा. त्या छोट्या थांबण्यात एखादा फोटो स्थिर येतो. उड्या मारणाऱ्यांच्या कुलातला असून हा क्वचितच उडी मारतो. मारली तर सोंग उघडं पडेल.

आता प्रजातीच्या नावाची एक अडचण. जुन्या पुस्तकांत आणि बऱ्याच संकेतस्थळांवर ओंबीलीची नक्कल करणारा लाल कोळी मिर्मराक्ने प्लाटालिऑइडीस या नावाने आहे. २०१६ मध्ये पोलंडच्या येझी प्रुशिन्स्की यांनी ही मोठी प्रजाती फोडून तिच्यातून अनेक प्रजाती वेगळ्या केल्या. तो लाल कोळी आता मिर्माप्लाटा प्लाटालिऑइडीस आहे. त्याचा देठ फारच लांब, छाती आणि पोट ठळक वेगळे, आणि तो ओंबीलींच्या झाडावर मिळतो, त्यामुळे तो फोटोवरून बहुधा सांगता येतो. दुसरी जवळची प्रजाती टॉक्सियस. तिच्यातल्या टॉक्सियस मॅग्नसबद्दल २०१८ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं की मादी पिल्लांना दुधासारखा द्राव पाजते, त्यात गाईच्या दुधाच्या जवळपास चौपट प्रथिनं असतात, आणि पिल्लं सुमारे चाळीस दिवसांची होईपर्यंत ते पितात. घरट्यात पिल्लांसोबत बसलेली मुंगीसारखी मादी दिसली की मी आता तिथून लवकर हलत नाही.

टॉक्सियस आणि मिर्मराक्ने यांत फरक करायचा तर नराचा पाल्प भिंगाखाली बघावा लागतो. मिर्मराक्नेत पाल्पच्या टोकाला गोल गोळा असतो आणि त्याच्याभोवती केसासारखी बारीक नळी गुंडाळलेली असते, साधारण दोन वेढ्यांची. मादीत पोटाच्या खालच्या बाजूच्या जननांगाची रचना बघतात. म्हणून तुमच्या मादीबद्दल मी काटेकोरपणे बोलायचं तर असं म्हणेन: सॅल्टिसिडी नक्की, मिर्मराक्नेचा गट नक्की, खाच, लांबलेला देठ आणि पाल्प बघता मिर्मराक्ने प्रजाती जवळजवळ नक्की, आणि जाती सांगता येणार नाही. काळ्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात. फोटोवरून ‘मराठा’ किंवा ‘पूनाएन्सिस’ असं नाव कुणी ठोकून दिलं तर त्यांना विचारा, जननांग बघितलं का. मी हे कडकपणे लिहिते आहे, कारण चुकीचं नाव एकदा नोंदीत शिरलं की त्यावरून आणखी दहा चुकीची नावं तयार होतात, आणि कोणती जात कुठे राहते याचा नकाशाच बिघडतो.

तिला पकडून ठेवू नका, मारून बाटलीत तर नकोच. माणसाला तिच्यापासून धोका नाही. कढीपत्त्याची पानं उलटी करून बघा. कडा किंचित आत वळलेल्या पानावर पांढऱ्या रेशमाचा चपटा पडदा दिसेल, दोन्हीकडे वाट असलेला. ते तिचं घर. ते घर आहे तोपर्यंत त्या झाडावर फवारणी टाळा. सकाळी ऊन यायच्या आधी ती घराच्या तोंडाशी असते आणि हालचाल मंद असते. मोबाईलला लावायचं छोटं भिंग मिळतं, ते लावून पानाच्या पातळीवर मोबाईल आणा. एक फोटो समोरून, डोळे दिसतील असा. एक अगदी बाजूने, माथा आणि खाच दिसेल असा. आणि काचेच्या पारदर्शक डबीत दोन मिनिटं ठेवून, खालून, पोटाची खालची बाजू आणि पुढच्या पायांखालचे काट्यांचे जोड दिसतील असा. मग तिला त्याच फांदीवर सोडा. आसपास लांब जबड्यांचा एखादा नर फिरताना दिसला तर त्याच्या पाल्पचा फोटो आधी काढा, बाकीचं नंतर.